सैल हात

पहिल्याच दिवशी टीचर म्हणाली, दोऱ्याला गाठ मारायची नाही.
बोटभर शेपूट सोडायचं,
मागच्या बाजूने टाक्यांखाली दडवायचं.
मी गाठ मारून बसलो होतो. दुहेरी.

कुर्ल्याचं क्रिश्चन गाव, विहिरीमागचा ओटा,
मंगळवार-शुक्रवार, तीन ते पाच.
चटईवर पाच पोरी आणि मी.
तरन्नुमला उशांचे अभ्रे भरायचेत, डिसेंबरात निकाह.
हेतल मोबाइलमधली मोरपिसं दाखवते,
तिचा धावदोरा अजून वाकडा.
मला विचारलं तर सांगतो, नातीचं झबलं.
ते खरंच आहे.
त्याआधी काय करत होता, काका?
राजावाडीत होतो. हॉस्पिटलात.
वॉर्डबॉय?
तसंच काहीतरी.

मिसक्विटा टीचर मांजरपाटाचा तुकडा रिंगेत ताणते,
टिचकी मारून बघते, वाजतो का.
सहा पदरांतले दोनच काढायचे. सावकाश. घाई केली की गुंता.
धावदोरा म्हणजे पाऊल, मग पावलाएवढीच जागा, मग पाऊल.
मग उलटी टीप. मग देठटाका,
दोरा डाव्या अंगठ्याखाली, नेहमी एकाच अंगाला.
मग साखळी.
साखळीत प्रत्येक कडीला पुढची धरून ठेवते.
शेवटचीला कोण?
शेवटचीला एक बारीक टाका, बस्स.

माझी सुई वाकडी असायची,
गोणपाट शिवतात तेवढी लांब,
दोरा पांढरा, जाड.
हनुवटीखालून सुरू करायचं.
एकतीस वर्षं, दिवसाला चार, कधी नऊ.
डॉक्टर लिहीत बसायचे, शिवायचो मी.
ओढून, आवळून, कारण सैल राहिलं की पाझरतं
आणि बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात.
लहान मूल असलं तर टाके जवळजवळ घ्यायचो.
कुणी सांगितलं नव्हतं.
मोजणारंही कुणी नव्हतं.

"ओढू नका हो," टीचर म्हणते, "टाका बसवा नुसता.
बघा किती चुण्या पडल्या.
कापडाला दुखतंय."

चौथ्या आठवड्यात तिने माझी रिंग उलटी केली.
भरतकाम मागून बघावं, असं ती सगळ्यांना सांगते,
पुढून काय, कुणीही फसवतं.
मागून बघितलं. चष्मा पुसला. परत मागून.
माझ्या टिपेवरून नख फिरवत गेली,
एकेका टाक्यापाशी थांबत.
"असे टाके मी एकदा पाहिलेत," म्हणाली, हळूच.
"माझ्या भावाच्या अंगावर. त्याला कोट चढवताना.
मला वाटलं होतं, कसंतरी दाबून शिवलेलं असेल.
तर सगळे एकसारखे.
मी मोजत बसले. मोजता मोजता रडायचं राहिलं."

शेजारच्या घरात कुकरने शिट्टी दिली.
हेतल दाताने दोरा तोडत होती, तिला त्यावरून ओरडा बसला नाही.
मी होतो म्हणालो नाही.
नव्हतो म्हणालो नाही.
इतके झाले. आणि चेहरे मी बघायचोच नाही.
आताही खाली बघितलं,
माझ्याच हातांकडे.

तिने कात्री घेतली, अख्खी ओळ उसवली.
गुलाबी लडीतले दोन पदर माझ्या तळव्यावर ठेवले.
"आज लेझी डेझी.
सुई जिथून वर आली तिथेच खाली घाला.
ओढायची नाही. फास सैल राहू दे.
आता टोकाशी अडकवा.
झाली पाकळी."

पहिली आवळली. दुसरीही.
तिसरी जराशी फुगली.
चौथी बघून तरन्नुम म्हणाली, काका, ही पाकळी की चमचा?
सगळ्या हसल्या. टीचर सगळ्यांत उशिरा.

झबल्याला पाच फुलं झालीत, एक कलंडलेलं.
रात्री आतून हात फिरवून बघतो.
गाठ कुठे लागत नाही.

सुईला शिवण्याआधी मी अजून दोनदा हात धुतो,
कोपरापर्यंत.
पोरींना वाटतं, पांढऱ्या कापडासाठी.
टीचर काही बोलत नाही.
मंगळवारी विहिरीच्या कठड्यावर साबणाची वडी असते,
नवी, कागद काढून ठेवलेली.